परवाना एकाचा, भुर्दंड सर्वांना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



२०१३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात दक्षिण चीनमधील शेन्झेन बंदरात अमेरिकेहून आलेला सुमारे साठ हजार टन मका स्वीकारण्यास चिनी अधिकाऱ्यांनी नकार दिला. सडका दाणा, कीड किंवा मापातील खोट हे नकाराचे कारण नव्हते. तपासणीत त्या मक्यात ‘एमआयआर-१६२’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनुकीय बदलाचा अंश आढळला होता, आणि त्या बदलाला चीनच्या कृषी मंत्रालयाची मंजुरी मिळालेली नव्हती. त्यानंतरच्या काही महिन्यांत एकामागून एक जहाजांचा माल नाकारला गेला. चिनी सरकारच्या हिशेबाने हा माल २०१४ च्या एप्रिलपर्यंत नऊ लाख टनांच्या घरात गेला. अमेरिकेतील धान्य-व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघाच्या हिशेबाने तो चौदा लाख टनांहून अधिक भरला.

या घटनेत तीन पक्ष उघड दिसतात. बियाणे विकणारी कंपनी, धान्य घेणारा देश आणि त्या दोहोंमधील व्यापारी. चौथा पक्ष बातम्यांत फारसा आला नाही. तो म्हणजे आयोवा, नेब्रास्का, कॅन्सस या राज्यांतील शेतकरी. आणि त्यांतही असा शेतकरी, की ज्याने हे बियाणे कधी विकत घेतले नव्हते, कधी पेरले नव्हते. भाव पडल्याची तक्रार घेऊन न्यायालयात जाणाऱ्यांत त्याचीच संख्या मोठी होती. ज्याने पेरले नाही त्याच्याही पदरात हे पीक कसे पडले, आणि यावर उपाय कोणता, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. जनुकीय बदल केलेली पिके इष्ट की अनिष्ट, यावर पुष्कळ चर्चा झाली आहे आणि होत राहील. परंतु त्या चर्चेच्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडतो. नव्या बियाण्याचा धोका पत्करण्याचा निर्णय कोण घेतो, आणि तो धोका शेवटी कोणाच्या माथी बसतो?

बाजारपेठ कोणी उभी केली?

अमेरिकेची धान्यनिर्यात ही खासगी उद्योगाची करामत आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुस्थिती काहीशी निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशात शेतमालाचे अवाढव्य साठे साचले. १९५४ साली पी. एल. ४८० हा कायदा झाला आणि शिल्लक धान्य परदेशी पाठविण्याची व्यवस्था सरकारनेच उभारली. महाराष्ट्रातील जुन्या पिढीला हा कायदा ठाऊक आहे तो रेशनच्या दुकानातील लाल गहू आणि मिलो ज्वारी यांच्यामुळे. मदत आणि बाजारपेठ यांची सांगड त्या कायद्यातच घातलेली होती. आज जो सवलतीने धान्य घेतो तो उद्या रोख पैसे मोजून घेईल, हा हिशेब त्यामागे होता आणि तो कोणी लपविलाही नाही.

हा हिशेब जपानमध्ये किती अचूक ठरला ते पाहण्यासारखे आहे. १९५९ साली जपानच्या यामानाशी प्रांताला दोन चक्रीवादळांनी झोडपले. १९६० च्या जानेवारीत आयोवा राज्याने तेथे विमानाने छत्तीस डुकरे धाडली, त्यांपैकी पस्तीस जिवंत पोहोचली. त्यांच्यापाठोपाठ सुमारे दीड हजार टन मकाही गेला. या देणगीमागे सद्भाव होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्या डुकरांबरोबर मक्यावर पशुधन वाढविण्याची पद्धतही जपानमध्ये गेली. त्याच वर्षी अमेरिकेत मका, ज्वारी व बार्ली यांच्या निर्यातवृद्धीसाठी एक परिषद स्थापन झाली. पुढे ती ‘यू. एस. ग्रेन्स कौन्सिल’ या नावाने जगभर ओळखली गेली. तिच्याकडे पैसा येतो तो सरकारच्या निर्यातवृद्धी योजनांतून, धान्य व बियाणे उद्योगाच्या वर्गणीतून आणि शेतकऱ्याने विकलेल्या प्रत्येक बुशेलमागे कापल्या जाणाऱ्या अल्पशा अधिभारातून. पुढे कित्येक दशके जपान हे अमेरिकी मक्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक राहिले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, परदेशातील बाजारपेठ आपोआप उगवत नाही. तिच्यासाठी करदात्याचा पैसा खर्च झाला आहे आणि शेतकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी आपल्या मालाच्या किमतीतून पै-पै वेगळी काढून दिली आहे. ती एका अर्थाने सामुदायिक मिळकत आहे. या मिळकतीत एखाद्या कंपनीने आपल्या सोयीच्या मुहूर्तावर नवे बियाणे आणून ओतावे की नाही, हा प्रश्न केवळ त्या कंपनीच्या व्यापारस्वातंत्र्याचा राहत नाही.

कोठारात मालकी पुसली जाते

अमेरिकी मका स्वस्त का पडतो, याचे एक रहस्य त्याच्या वाहतुकीत आहे. शेतकरी आपला माल ट्रकने जवळच्या एलिव्हेटरवर, म्हणजे उंच यांत्रिक कोठारावर, आणतो. तेथे वजन, ओलावा, मोडका दाणा आणि काडीकचरा पाहून प्रत ठरते आणि माल सामाईक कोठीत पडतो. तेथून तो रेल्वेने किंवा मिसिसिपी नदीतील पडावांतून समुद्राकडे जातो. बंदरातील साठ हजार टनांच्या जहाजात शेकडो शेतांतील दाणे एकमेकांत मिसळलेले असतात. कोणता दाणा कोणाचा, हे तेथे सांगता येत नाही आणि सांगण्याची गरजही नसते. किंबहुना ती गरज नाही म्हणूनच वाहतूक स्वस्त पडते. मोंढ्यात दहा शेतकऱ्यांचा माल व्यापाऱ्याच्या एकाच ढिगात गेल्यावर जे घडते, तेच येथे फार मोठ्या प्रमाणावर घडते.

१९९६ पासून या प्रवाहात जनुकीय बदल केलेल्या मक्याचे दाणे येऊ लागले. आज अमेरिकेतील मक्याच्या शंभर एकरांपैकी नव्वदांहून अधिक एकरांवर असेच बियाणे असते. मात्र असा प्रत्येक बदल ही स्वतंत्र वस्तू मानली जाते, आणि प्रत्येक आयातदार देश तिला स्वतंत्र परवाना देतो किंवा नाकारतो. जपानने २००१ पासून अशा अन्नाची सुरक्षा-तपासणी सक्तीची केली. युरोपीय संघात १९९८ ते २००४ या काळात नव्या मंजुऱ्या जवळजवळ थांबल्याच होत्या. त्याविरुद्ध अमेरिका, कॅनडा व अर्जेंटिना यांनी २००३ साली जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. चीनचा नियम तर असा होता की, निर्यात करणाऱ्या देशाने आधी मंजुरी दिल्याखेरीज आयातीचा अर्जच घ्यायचा नाही. याचा अर्थ, अमेरिकेत परवाना मिळाला त्या दिवशी चीनमधील प्रतीक्षेला सुरुवात होणार. ती दोन वर्षांत संपेल की पाच, हे कोणीच सांगू शकत नव्हते.

बहुतेक देशांत मंजुरी नसलेल्या बदलाला शून्य सहिष्णुता असते. एक टक्का नाही, अर्धा टक्का नाही. एक दाणा सापडला तरी कायद्याच्या दृष्टीने तो माल बेकायदा. युरोपीय संघाने २०११ साली पशुखाद्यापुरती, आणि तीही ठराविक अटींवर, ०.१ टक्क्याची सूट दिली. एका बाजूला सर्व काही मिसळून टाकणारी कोठार-व्यवस्था आणि दुसऱ्या बाजूला एकही दाणा न खपवून घेणारा कायदा, या दोहोंच्या मध्ये शेतकरी उभा आहे.

दोन इशारे

ही अडचण २०१३ साली अचानक उद्भवली असे मुळीच नाही. ‘स्टारलिंक’ नावाच्या मक्याला १९९८ साली अमेरिकेत केवळ पशुखाद्य व औद्योगिक वापरासाठी परवानगी मिळाली होती. त्यातील प्रथिनामुळे माणसाला ॲलर्जी होईल की काय, ही शंका फिटलेली नव्हती. जनावरांचा मका आणि माणसांचा मका कोठारात वेगळा राहील, असे कागदावर गृहीत धरले गेले. २००० सालच्या सप्टेंबरमध्ये तो किराणा दुकानातील टॅकोच्या कवचांत सापडला. स्टारलिंकखालची जमीन अमेरिकेतील मक्याच्या एकूण क्षेत्राच्या शंभरात एक भागही नव्हती; तरी जपान आणि दक्षिण कोरियाच्या बाजारपेठा हादरल्या. आजारी पडल्याची तक्रार करणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीत त्या प्रथिनाची ॲलर्जी सिद्ध झाली नाही, हेही नमूद केले पाहिजे. पण तोवर भाव जायचा तो गेला होता.

दुसरा इशारा तांदळाचा. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या लांब दाण्याच्या तांदळात बायर कंपनीच्या ‘एलएल-६०१’ या वाणाचे अंश असल्याचे जाहीर झाले. हे वाण कधी बाजारात आलेच नव्हते. काही वर्षांपूर्वी त्याच्या केवळ चाचण्या झाल्या होत्या. ते तांदळात शिरले कसे, याचा छडा सरकारी चौकशीलाही लागला नाही. युरोपने दारे जवळजवळ बंद केली. अर्कान्सा, लुइझियाना, मिसिसिपी, मिझूरी आणि टेक्सास येथील सुमारे अकरा हजार भातउत्पादकांना ७५ कोटी डॉलरची भरपाई मान्य होईपर्यंत २०११ साल उजाडले. पाच हंगामांचे नुकसान शेतकऱ्याने आधी सोसायचे आणि मग वकिलामार्फत मागायचे, असा हा क्रम होता.

व्हिप्टेराची कहाणी

एवढे इशारे मिळाल्यावर तरी शहाणपण यावयास हवे होते. सिंजेंटा कंपनीने ‘एमआयआर-१६२’ हा बदल असलेले बियाणे ‘ॲग्रिशुअर व्हिप्टेरा’ या नावाने काढले. कणसे पोखरणाऱ्या अळ्यांपासून पिकाचे रक्षण करणे हा त्याचा गुण. चीनकडे २०१० च्या मार्चमध्ये अर्ज गेला, एप्रिलमध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने लागवडीस मोकळीक दिली आणि २०११ च्या हंगामात बियाणे शेतात गेले. चीनची मंजुरी मिळालेली नव्हती. ती लवकरच मिळेल, असे कंपनी सांगत राहिली.

धोका ओळखणारे कोणी नव्हते असे नाही. बुंगे या धान्य-व्यापारी कंपनीने २०११ च्या उन्हाळ्यातच आपल्या कोठारांवर व्हिप्टेरा मका घेतला जाणार नाही असे फलक लावले. सिंजेंटाने तिच्यावरच दावा ठोकला. न्यायालयाने अंतरिम आदेश देण्यास नकार दिला, तरी बियाण्याची विक्री चालूच राहिली. व्हिप्टेराखालचे क्षेत्र मक्याच्या एकूण क्षेत्राच्या सुमारे तीन टक्के होते. पण मिसळणाऱ्या प्रवाहात तीन टक्के आणि शंभर टक्के यांत फरक उरत नाही. शंभर शेतकऱ्यांपैकी तिघांनी जे पेरले, ते उरलेल्या सत्त्याण्णवांच्या मालाबरोबर जहाजात चढले.

व्यापारी संघाने २०१४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी मका-व्यवसायाच्या हानीचा अंदाज १०० ते २९० कोटी डॉलर असा मांडला. कारगिल कंपनीने सप्टेंबरमध्ये दावा दाखल केला आणि मग शेतकऱ्यांच्या दाव्यांची रीघ लागली. चीनची मंजुरी आली ती २०१४ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे अर्जानंतर जवळजवळ पाच वर्षांनी. तोपर्यंत चिनी खरेदीदारांनी अन्य वाटा शोधल्या होत्या. युक्रेनचा मका चीनकडे वळला. अमेरिकेची ज्वारीही मोठ्या प्रमाणावर तिकडे जाऊ लागली, कारण जनुकीय बदल केलेली ज्वारी बाजारात नव्हतीच आणि तिला आयातीच्या कोट्याचे बंधनही नव्हते. ज्या मिलोकडे महाराष्ट्रातील रेशनच्या रांगेत नाक मुरडले गेले, तिला आपल्या साधेपणामुळेच चीनच्या बाजारात भाव मिळाला.

२०१७ च्या जूनमध्ये कॅन्सस राज्यातील ज्यूरीने सात हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या बाजूने २१ कोटी ७७ लाख डॉलरचा निवाडा दिला. त्याच वर्षी सिंजेंटाने देशभरातील दावे मिटविण्यासाठी १५१ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. या रकमेचा एक-तृतीयांश, म्हणजे सुमारे ५० कोटी डॉलर, वकिलांच्या मेहनतान्यात गेला. उरलेली रक्कम शेतकरी, जमीनमालक, कोठारवाले आणि इथेनॉलचे कारखाने यांच्यात वाटायची होती. या कहाणीचा शेवट आणखी बोलका आहे. २०१७ सालीच चीनच्या सरकारी मालकीच्या केमचायना या कंपनीने ४,३०० कोटी डॉलर मोजून सिंजेंटा विकत घेतली. ज्या राज्यसत्तेने मका परत धाडला, तिच्याच कंपनीकडे ते बियाणे गेले. मालकी बदलली, परवाने आले, दावे मिटले. नुकसानीचे ते हंगाम मात्र शेतकऱ्याला कोणी परत दिले नाहीत.

दुसरी बाजू

न्यायाने पाहिले तर कंपनीच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे होते. अमेरिकेतील सर्व परवाने तिने रीतसर मिळविले होते. बियाणे बाजारात आले तेव्हा चीन हा अमेरिकी मक्याचा मोठा ग्राहक नव्हता. २०१२ च्या भीषण अवर्षणाने भाव चढले होते आणि २०१३ च्या भरघोस पिकाने ते उतरणारच होते. तेव्हा सगळी घसरण व्हिप्टेराच्या खात्यावर मांडणे योग्य नव्हे, असे तिचे म्हणणे होते. यांतील शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. चीनचेही वर्तन निव्वळ आरोग्याच्या काळजीचे होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्या वेळी चीनच्या सरकारी गोदामांत मक्याचे डोंगर साचलेले होते आणि देशातील भाव जागतिक भावाहून बरेच चढे होते. अशा वेळी आयात रोखण्यास एखादे कलम हाताशी असणे कोणत्याही सरकारला सोयीचे वाटते. २०२० च्या जानेवारीतील व्यापार करारात चीनने अशा मंजुऱ्यांचा सरासरी कालावधी चोवीस महिन्यांच्या आत आणण्याचे मान्य केले. परवान्याची फाइल किती वेगाने हलावी हा प्रश्न व्यापारी सौद्याच्या मेजावर सुटतो, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

परंतु हे सर्व मान्य केल्याने मूळ प्रश्न सुटत नाही, उलट तो अधिक टोकदार होतो. ग्राहक देश लहरी आहे, त्याच्या नकारामागे स्वार्थ असू शकतो, हे बियाणे कंपनीला ठाऊकच होते. ठाऊक असलेला धोका पत्करण्याचा अधिकार तिने स्वतःकडे घेतला आणि त्याची किंमत इतरांवर टाकली. नफा खासगी आणि तोटा सार्वजनिक, या जुन्या रीतीचेच हे नवे रूप आहे.

नकार देण्याचा अधिकार

निर्यातदार देशांची नेहमीची तक्रार अशी की, आयातदार देश विज्ञान सोडून भीतीच्या आहारी जातात. या तक्रारीची परीक्षा दोन उदाहरणांवर घेता येईल. २००२ साली दक्षिण आफ्रिका खंडविभागात दुष्काळ पडला असता झांबियाचे अध्यक्ष लेव्ही म्वानावासा यांनी जनुकीय बदल केलेला मका मदत म्हणूनही घेण्यास नकार दिला. झिम्बाब्वे, मलावी व मोझांबिक यांनी तो दळून देण्याच्या अटीवर घेतला. अख्खा दाणा आला तर भुकेला शेतकरीही त्यातील मूठभर पेरणीसाठी राखून ठेवणार, हे त्यांना माहीत होते. भुकेल्या लोकांच्या तोंडचा घास अडविणे ही गंभीर गोष्ट आहे आणि झांबियाच्या निर्णयावर कठोर टीका झाली. पण दान घेणाऱ्यालाही काय घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार असतो, हे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही.

मेक्सिकोचे उदाहरण अधिक अलीकडचे. मक्याची जन्मभूमी असलेल्या त्या देशाने २०२३ च्या फेब्रुवारीत टॉर्टियासाठी जनुकीय बदल केलेला मका वापरण्यास बंदी घातली. अमेरिकेने व्यापार करारान्वये तक्रार केली आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये लवादाने मेक्सिकोच्या विरुद्ध निकाल दिला. बंदीला धोक्याच्या शास्त्रीय मूल्यमापनाचा आधार नाही, असे त्याचे म्हणणे पडले. मेक्सिकोने २०२५ च्या आरंभी ती कलमे मागे घेतली, आणि लगेच मार्चमध्ये संविधानात दुरुस्ती करून आपल्या भूमीवर असा मका पेरण्यास मनाई केली. एखादा समाज आपल्या मुख्य अन्नाविषयी जो निर्णय घेतो त्यात विज्ञानाला मानाचे स्थान असलेच पाहिजे. पण बियाण्यावर ताबा कोणाचा आणि शेती कोणत्या वळणाने जावी, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारे नाहीत. ते लोकांनी सोडवायचे आहेत.

अर्जेंटिनाने काय केले?

मग मार्ग कोणता? तो एका निर्यातदार देशानेच दाखविला आहे. अर्जेंटिनात बायोसेरेस कंपनीने अवर्षणाला तोंड देणारा ‘एचबी-४’ नावाचा गहू तयार केला. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने त्याला मान्यता दिली, पण एका अटीवर. अर्जेंटिनाच्या गव्हाचा सर्वांत मोठा ग्राहक ब्राझील आहे; त्याने आयातीस परवानगी दिल्याशिवाय हा गहू बाजारात आणायचा नाही. ब्राझीलने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या पिठाला मंजुरी दिली आणि त्यानंतर २०२२ च्या मे महिन्यात अर्जेंटिनाने बियाणे मोकळे केले. या गव्हाविषयी तेथेही तीव्र मतभेद होते. निर्यातदार साशंक होते, पर्यावरणवादी विरोधात होते. त्या वादाचा निवाडा येथे करण्याचे प्रयोजन नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, बाजारपेठ ही सर्व गहू-उत्पादकांची आहे, तेव्हा ती धोक्यात घालण्याचा निर्णय एकट्या कंपनीवर सोडता येणार नाही, हे तत्त्व एका सरकारने आपल्या आदेशात लिहून दाखविले. अमेरिकेत हे काम कंपन्यांच्या स्वयंघोषित आचारसंहितांवर आणि शेतकऱ्याला दिलेल्या सल्ल्यावर सोपविले गेले. बी घेण्यापूर्वी परदेशातील मंजुऱ्या तपासा, असा तो सल्ला. परंतु शेजाऱ्याने काय पेरले हे कोणत्या यादीत तपासायचे?

लातूर आणि न्हावाशेवा

आता हा प्रश्न महाराष्ट्राच्या दाराशी येतो. भारतात लागवडीची व्यापारी मुभा मिळालेले जनुकीय बदलाचे एकच पीक आहे आणि ते म्हणजे २००२ सालचा बीटी कापूस. सोयाबीन अद्याप त्यापासून मुक्त आहे. म्हणूनच परदेशात भारताची सोयापेंड ‘बिगर-जीएम’ म्हणून वेगळी ओळखली जाते. ही ओळख म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याची न नोंदलेली मिळकत होय. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली आदेश काढून चोवीस पिकांच्या आयात मालाला बिगर-जीएम प्रमाणपत्र सक्तीचे केले आणि २०२१ च्या मार्चपासून तो अमलात आला.

मात्र त्याच २०२१ सालच्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करण्यास मुभा दिली. पेंडीत जिवंत बी नसते, तेव्हा पर्यावरणाला धोका नाही, हा त्यामागील युक्तिवाद. पेंड उतरविण्यासाठी जी ठिकाणे नेमली त्यांत न्हावाशेवा होते. कुक्कुटपालन करणाऱ्यांची अडचण खरी होती. पेंड महागल्याने कोंबडी पाळणारा लहान शेतकरीही पिचत होता. पण निर्णयाची वेळ पाहा. नवे सोयाबीन महिन्याभरात बाजारात यायचे होते. त्या उन्हाळ्यात क्विंटलमागे दहा हजारांच्या आसपास चढलेला भाव हंगाम सुरू होताच कोसळला. नव्या मालाची आवक हेही त्याचे एक कारण होते. तथापि आयातीच्या निर्णयाने व्यापाऱ्याला जे हवे होते ते मिळाले, आणि लातूरच्या बाजारात पोते घेऊन आलेल्या शेतकऱ्याला या निर्णयापूर्वी कोणी विचारले नव्हते.

२०२५ साली अमेरिकेशी झालेल्या वाटाघाटींत मका आणि सोयाबीन पुन्हा पुढे आले. एवढ्या मोठ्या लोकसंख्येचा देश अमेरिकी मक्याची एक बुशेलही का घेत नाही, असा सवाल त्या देशाच्या वाणिज्यमंत्र्यांनी सप्टेंबरमध्ये जाहीरपणे केला. निर्यातवृद्धीची भाषा अशीच असते. विकणारा आपल्या शेतकऱ्यासाठी दार ठोठावतो, त्यात नवल नाही. दार उघडणाऱ्याने मात्र आपल्या शेतकऱ्याचा विचार करावयास हवा.

येथे शेतकरी चळवळीतील एका विचारप्रवाहाची दखल घेतलीच पाहिजे. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक-सहनशील कापसाचे मंजुरी नसलेले बियाणे उघडपणे पेरून कायदेभंग केला. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, ही त्यांची मागणी. निंदणीची मजुरी परवडत नाही, बोंडअळी पिच्छा सोडत नाही, सरकार वर्षानुवर्षे निर्णय करीत नाही. या वैतागातून ती मागणी येते आणि तिची हेटाळणी करणे सर्वथा गैर आहे. पण व्हिप्टेराच्या कहाणीतून या मागणीला एक मर्यादा दिसून येते. खाद्यधान्य सामाईक ढिगात मिसळते, आणि म्हणून एकाचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या बाजारपेठेवर येऊन आदळते. ज्यांनी पेरले नाही त्या सत्त्याण्णवांच्या स्वातंत्र्याचे काय, या प्रश्नाला व्यक्तिस्वातंत्र्याच्या घोषणेत उत्तर नाही. त्याचे उत्तर सामुदायिक निर्णयात आहे.

मागणी कोणती?

असा सामुदायिक निर्णय अशक्य नाही. २०१० साली बीटी वांग्याविषयी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूर होते. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक, कंपन्यांचे प्रतिनिधी एका सभागृहात आले, गोंधळही झाला, पण देशाने एका बियाण्याचा विचार उघड्यावर केला. २०२४ च्या जुलैमध्ये मोहरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले. तरी केंद्राने शेतकऱ्यांसह सर्व संबंधितांशी विचारविनिमय करून राष्ट्रीय धोरण आखावे, यावर दोघांचेही एकमत होते.

त्या धोरणात चार गोष्टी याव्यात, असा आग्रह समाजवादी कार्यकर्त्यांनी धरावयास हवा. पहिली, कोणत्याही खाद्यपिकाच्या नव्या बियाण्याला परवाना देताना त्या पिकाच्या प्रमुख ग्राहक देशांची मंजुरी ही पूर्वअट असावी. दुसरी, मिसळणीमुळे बाजारपेठ गेली तर भरपाईचा बोजा बियाणे आणणाऱ्यावर आपोआप पडावा. शेतकऱ्याला पाच-सात वर्षे न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागू नयेत. तिसरी, बिगर-जीएम ओळख टिकविण्यासाठी लागणारी तपासणी, वेगळी गोदामे आणि प्रमाणपत्रे यांचा खर्च सरकारने व निर्यातदारांनी उचलावा. चौथी, आयात असो वा लागवड, निर्णय हंगामाच्या आधी आणि उत्पादकांच्या जाहीर सुनावणीनंतर व्हावा.

कॅन्ससचा मकाउत्पादक आणि लातूरचा सोयाबीनउत्पादक एकमेकांचे शत्रू नाहीत. एकाकडे हजारो एकर आणि अवजड यंत्रे आहेत, दुसऱ्याकडे पाच एकर आणि पावसाची वाट. पण ज्या निर्णयांनी त्यांचा भाव ठरतो ते दोघांच्याही पाठीमागे होतात. कॅन्ससच्या शेतकऱ्याला १५१ कोटी डॉलरमधील आपला वाटा मागण्यासाठी कायदा आणि न्यायालय तरी होते. लातूरच्या शेतकऱ्याची बाजारपेठ उद्या अशीच बुडाली, तर त्याने कोणाकडे दाद मागायची, हे आजच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले नाही. नव्या बियाण्याचा पहिला ट्रक गावात येण्यापूर्वी ते लिहून घेणे, हे चळवळीचे काम आहे.